धारेचा ध्यास : फ्रेडरिक विन्स्लो टेलर

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या लहानशा यंत्रशाळेत डोकावले असता एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. लेथवरचा कारागीर यंत्र थांबवितो, पकडीतून बोटाएवढा पोलादी तुकडा सोडवितो आणि कोपऱ्यात गरगरणाऱ्या सहाणेच्या चाकापाशी जातो. ठिणग्यांच्या फवाऱ्यात तो तुकडा किंचित डोलवीत धरतो, उजेडाकडे वळवून त्याची कड न्याहाळतो, मन भरले नाही तर पुन्हा चाकाला लावतो, आणि मग परत येऊन पहिल्यासारखा कामाला लागतो. हा सारा प्रकार दोन-चार मिनिटांचा. पाहणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही. सुरीला धार लावावी तसेच ते दिसते. पण त्या दिवशीचे काम किती निघणार, जॉबचा पृष्ठभाग आरशासारखा येणार की खरवडल्यासारखा, हे सारे त्या दोन-चार मिनिटांत ठरून गेलेले असते.

कारागीर ज्याला नुसते ‘हायस्पीड’ म्हणतो ते पोलाद आणि त्या तुकड्याला कोणत्या बाजूने किती उतार द्यावयाचा याची मापे, या दोन्ही गोष्टींचा माग काढीत गेले की माणूस एकाच नावापाशी येतो. ते नाव फ्रेडरिक विन्स्लो टेलर. ग्रंथालयात त्याचा शोध घेणाऱ्याला तो व्यवस्थापनशास्त्राच्या कपाटात सापडतो. घड्याळ हातात घेऊन मजुरांच्या हालचाली मोजणारा, शास्त्रीय व्यवस्थापनाचा जनक, ही त्याची रूढ ओळख. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. घड्याळ त्याच्या हाती आले ते या पोलादी तुकड्याच्या पाठोपाठ. त्याने आयुष्यातील सव्वीस वर्षे एका प्रश्नाला वाहिली होती : धातू कापणाऱ्या हत्याराला धार कशी असावी, आणि ती का जाते?

टेलरचा जन्म २० मार्च १८५६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या जर्मनटाउन या भागात झाला. घराणे क्वेकर परंपरेतले आणि चांगले सुखवस्तू. वडील फ्रँकलिन टेलर वकील होते. आई एमिली गुलामगिरीच्या उच्छेदासाठी चाललेल्या चळवळीत हिरिरीने वावरणारी. मुलाचे काही शिक्षण फ्रान्स व जर्मनीत झाले, पुढे न्यू हॅम्पशायरमधील एक्झेटरच्या नामांकित शाळेत. लहानपणापासूनच त्याला मोजण्याचे विलक्षण वेड होते. खेळाच्या मैदानाची मापे बिनचूक असल्याखेरीज त्याला खेळ रुचत नसे. वाईट स्वप्ने पडतात ती उताणे झोपल्यामुळे, असा निष्कर्ष काढून त्याने कूस बदलताच टोचेल असा लाकडी खुंट्यांचा पट्टा स्वतःसाठी तयार केला होता. पुढच्या टेलरचे सारे गुणदोष या पट्ट्यात बीजरूपाने आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हार्वर्ड विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा त्याने १८७४ मध्ये उत्तम रीतीने पार केली. परंतु रात्री जागून केलेल्या अभ्यासाने डोळे बिघडले, डोकेदुखी जडली आणि वकिलीचा बेत सोडावा लागला. वकिलाच्या या मुलाने मग जे केले ते त्या वर्गातील मुले सहसा करीत नसत. फिलाडेल्फियातील पंप तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात तो साचेकाम व यंत्रकाम शिकण्यासाठी उमेदवार म्हणून राहिला. चार वर्षे त्याने हात काळे केले. १८७८ मध्ये मिडव्हेल स्टील या पोलादाच्या कारखान्यात तो साधा मजूर म्हणून लागला, कारण मंदीच्या त्या दिवसांत यंत्रकारागिराची जागा मिळत नव्हती. मग काही दिवस कारकून, नंतर लेथवर, पुढे टोळीचा मुकादम, मग फोरमन, आणि थोड्याच वर्षांत मुख्य अभियंता, अशा पायऱ्या तो झपाट्याने चढला. याच काळात रात्रीचा अभ्यास करून त्याने १८८३ मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १८८१ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत क्लॅरन्स क्लार्कच्या जोडीने दुहेरीचे अजिंक्यपदही मिळविले. १८८४ मध्ये लुईस स्पूनर हिच्याशी त्याचा विवाह झाला.

मुकादम होताच त्याचे कालपर्यंतच्या सोबत्यांशी वाकडे आले. लेथवरची माणसे दिवसाकाठी ठरावीक कामापुढे जात नसत, कारण अधिक काम काढले की मालक नगावरचा दर उतरवितो, हा त्यांचा पक्का अनुभव होता. टेलरला हे ठाऊक होते. तो त्यांच्यातच वावरला होता. तरीही काम वाढलेच पाहिजे, हा त्याचा हट्ट. सुमारे तीन वर्षे हा झगडा चालला. माणसे यंत्रे मोडीत आणि मुकादमाच्या हव्यासापायी मोडली असे सांगत. टेलर मोडतोडीचा दंड लावी, आणि तो दंड कामगारांच्याच साहाय्यनिधीत जमा करी. शेवटी काम वाढले, पण या विजयाचा स्वाद कडवट होता. वर्षानुवर्षे जवळच्या माणसांच्या डोळ्यांत वैर पाहत जगणे त्याला असह्य झाले होते, असे त्याने पुढे नमूद करून ठेवले.

या झगड्यात त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. दिवसाचे योग्य काम किती, याबद्दल मालक आणि कामगार वाद घालीत. पण ते खरोखर किती, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. एखादा पोलादी दांडा कातावयाचा आहे, तर हत्याराचा आकार कोणता घ्यावा, दांडा किती वेगाने फिरवावा, प्रत्येक फेऱ्याला हत्यार किती सरकवावे? ज्याला विचारावे त्याचे उत्तर वेगळे. बापाने मुलाला किंवा उस्तादाने उमेदवाराला दाखविलेली रीत, एवढाच सारा आधार. प्रत्येक कारागीर आपली हत्यारे आपल्या मर्जीने घाशी, आणि एकाच शाळेतील दहा लेथवर दहा तऱ्हेच्या धारा दिसत.

टेलरने मिडव्हेलचे अध्यक्ष विल्यम सेलर्स यांच्यापाशी प्रयोगांसाठी परवानगी मागितली. सेलर्स स्वतः अमेरिकेतील नाणावलेले यंत्रकार. अशा प्रयोगांतून फारसे निघेल असे त्यांना वाटत नव्हते. फोरमनने चांगले काम केले म्हणून बक्षिसादाखल थोडा खर्च करू द्यावा, एवढाच त्यांचा विचार होता. १८८० च्या सुमारास सहासष्ट इंची उभ्या बोरिंग यंत्रावर आगगाडीच्या चाकांच्या कठीण पोलादी धावा कापून प्रयोगांना आरंभ झाला. सहा महिन्यांत काम आटोपेल, असा टेलरचा अदमास होता. ते सव्वीस वर्षे चालले.

एवढा काळ का लागावा, हे समजण्यासाठी धार म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. लेथच्या हत्याराची धार ही वस्तऱ्यासारखी पातळ नसते. ती एक जाडसर पाचर असते. ही पाचर धातूत घुसते आणि धातूची साल सोलून काढते. ती साल हत्याराच्या माथ्यावरून प्रचंड दाबाने घासत जाते आणि त्या घर्षणातून उष्णता उपजते. वेग वाढविला की उष्णता वाढते. साध्या कार्बन पोलादाचे हत्यार थोडेसे तापले तरी त्याचे पाणी उतरते, ते मऊ पडते आणि क्षणात कड वितळल्यागत झिजून जाते. म्हणजे धार जाते ती बहुधा झिजून नव्हे, तापून. ही गोष्ट टेलरला हळूहळू उमगत गेली आणि तीच त्याच्या सर्व शोधांचे मूळ ठरली.

परंतु किती तापते हे कशाकशावर अवलंबून आहे? धातूचा कठीणपणा, हत्याराच्या पोलादाचे घटक व त्याला दिलेले पाणी, सालीची जाडी, कापाची खोली, हत्याराच्या नाकाचा आकार, त्याचे कोन, वर सोडलेले पाणी, हत्याराची व जॉबची थरथर, पुन्हा धार लावीपर्यंत जाणारा वेळ. असे बारा घटक त्याने वेगळे काढले. एकाचा परिणाम मोजावयाचा तर उरलेले अकरा जसेच्या तसे राखले पाहिजेत. नेमके तेच अतोनात कठीण. एकाच घडणीच्या पोलादात बाहेरचा थर कठीण आणि आतला मऊ निघाला तरी महिन्याचे काम वाया जाई. तीस ते पन्नास हजार प्रयोगांची नोंद झाली, आठ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे साडेतीन लाख किलोच्या वर, लोखंड व पोलाद यांचा कीस पडला आणि दीड ते दोन लाख डॉलर खर्च झाले. हा खर्च वेगवेगळ्या दहा-एक कारखान्यांनी सोसला. त्या बदल्यात निघालेले ज्ञान त्यांना मिळाले आणि इतरांपासून ते गुप्त राखले गेले.

आरंभीचे शोध साधे वाटतात. टोकदार हत्यारापेक्षा गोल नाकाचे हत्यार अधिक वेग सोसते, हा पहिला. दुसरा पाण्याचा. जेथे साल सुटते नेमक्या त्या जागी पाण्याची जाड धार सोडली तर कापण्याचा वेग तीस ते चाळीस टक्क्यांनी वाढविता येतो, असे आढळले. हत्यारावर पाणी सोडू नये, अशी त्या काळच्या जाणत्यांची समजूत होती. सेलर्सनी मात्र १८८४ मध्ये मिडव्हेलची नवी यंत्रशाळा बांधताना प्रत्येक यंत्राखाली लोखंडी परात बसविली आणि गंज चढू नये म्हणून सोडा घातलेले पाणी नळांनी खेळविले. शाळा पाहण्यास येणाऱ्यांना दारे उघडी होती. तरी ही उघड दिसणारी गोष्ट उचलावी असे कित्येक वर्षे जवळजवळ कोणालाच सुचले नाही.

त्याच वर्षी त्याने जे दुसरे पाऊल उचलले, ते यंत्रशाळेच्या जीवनात अधिक खोलवर जाणारे होते. त्याने हत्यारे घासण्याचे स्वयंचलित यंत्र योजले आणि हत्यारांची स्वतंत्र कोठी उभी केली. यापुढे कारागिराने लेथ सोडून सहाणेपाशी जावयाचे नाही. ठरलेल्या आकाराची, ठरलेल्या कोनांची, घाऊक घासलेली हत्यारे कोठीतून त्याच्या हाती यावयाची.

धार लावण्याच्या कामात चुका कोठे होतात, याचा त्याने केलेला विचार आजही वाचण्याजोगा आहे. कापताना जितकी हत्यारे बिघडतात त्याहून अधिक सहाणेवर बिघडतात, अशी त्याची खात्री झाली होती. घाई झालेला माणूस हत्यार चाकावर जोराने दाबतो. दाबता दाबता हत्याराची सपाटी आणि चाकाची सपाटी एकमेकींत चपखल बसतात, मध्ये पाणी शिरण्यास फट उरत नाही, आणि कडेचा पातळ भाग बघता बघता भाजून निघतो. वरून तो चकचकीत दिसतो. लेथवर चढविताच मात्र दगा देतो. यावर उपाय दोन : हत्यार चाकावर सतत हलते ठेवावे, एका जागी टेकू देऊ नये, आणि मिनिटाला सुमारे पाच गॅलन पाणी, वेगाने उडविलेले नव्हे तर संथ, थेट हत्याराच्या नाकावर सोडावे. वेगाने मारलेले पाणी उडून जाते आणि उष्णता तेथेच राहते. आजचा कारागीर हत्यार डोलवीत धरतो त्यामागे हेच कारण आहे. तापलेले हायस्पीड एकदम गार पाण्यात बुडविले तर त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात, हेही जाणता कारागीर ओळखून असतो.

कोनांच्या बाबतीत टेलरची मापे काटेकोर होती. धारेखालची बाजू जॉबला घासू नये म्हणून तिला थोडी मोकळीक द्यावी लागते. ही त्याने सहा अंश ठरविली. माथ्याला मागच्या दिशेने आठ अंशांचा उतार. बाजूचा उतार मात्र धातू पाहून : बीड आणि कठीण पोलाद यांसाठी चौदा अंश, मऊ पोलादासाठी बावीस. त्यामुळे कठीण धातूसाठी पाचर सुमारे अडुसष्ट अंशांची, जाड आणि दणकट राहते. मऊ धातूसाठी ती सुमारे एकसष्ट अंशांची, म्हणजे अधिक तीक्ष्ण होते. या कोष्टकात एक बारीकशी सवलत आहे. जेथे कारागीर स्वतःच्या हाताने हत्यारे घासतात, तेथे मोकळीक सहाऐवजी नऊ ते बारा अंश धरावी, असे त्याने सुचविले. हाताचे काम दोन-तीन अंशांनी इकडेतिकडे होणारच. सहाचे तीन झाले तर हत्यार कापण्याऐवजी घासू लागेल, बाराचे नऊ झाले तर काही बिघडत नाही. मानवी हाताला टेलरने आपल्या शास्त्रात एवढी जागा ठेवली होती. ती त्याने थोडी अधिक ठेवली असती तर त्याचे पुढचे आयुष्य वेगळे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

१८९० मध्ये त्याने मिडव्हेल सोडले. कागदलगदा तयार करणाऱ्या एका कंपनीत तीन वर्षे काढून तो स्वतंत्र सल्लागार झाला. १८९८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम स्टील कंपनीने त्याला पाचारण केले. कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुरांवर त्याने केलेले प्रयोग येथलेच. त्यांची कथा व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते, म्हणून ती येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याच आवारात पलीकडे जे घडले ते जगाच्या दृष्टीने मोठे होते.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट मुशेट याने १८६८ मध्ये टंगस्टन घातलेले, पाण्यात न बुडविता आपोआप कठीण होणारे पोलाद काढले होते. त्याच्या धर्तीवरची क्रोमियम व टंगस्टन मिश्रित पोलादे तेव्हा बाजारात होती. त्यांतील सर्वांत चांगले कोणते हे टेलरने प्रयोगांनी ठरविले आणि बेथलेहेमच्या फोरमन व अधिकाऱ्यांना ते पटवून देण्यासाठी खास लेथवर प्रात्यक्षिक मांडले. सर्व मंडळी जमली. निवडलेल्या पोलादाची हत्यारे चढविली, आणि ती स्पर्धेतील दुसऱ्या पोलादापुढे टिकेनात. सर्वांदेखत झालेली ही फजिती होती. चौकशीअंती असे अनुमान निघाले की लोहाराने ती हत्यारे भट्टीत अधिक तापवून खराब केली असावीत.

दुसरा एखादा लोहाराला बोल लावून मोकळा झाला असता. टेलर आणि त्याचा सहकारी, धातुशास्त्रज्ञ मॉन्सेल व्हाइट, यांनी प्रश्न उलटा धरला : अधिक तापविल्याने हत्यार बिघडते, तर नेमके किती तापविल्याने किती बिघडते? त्यांनी हत्यारांचे गट पाडले, प्रत्येक गट थोड्याथोड्या वाढत्या उष्णतेपर्यंत नेला, उष्णतामापकाने ती मोजली आणि प्रत्येक हत्यार लेथवर पारखले. लाल रंगाच्या पलीकडे जाताच हत्यारे खरोखरच खालावत गेली. येथवर जुन्या लोहारांचे म्हणणे खरे ठरले. पण सुमारे ९४० अंश सेल्सिअसच्या पुढे प्रकार पालटला. हत्यारे पुन्हा सुधारू लागली, आणि जसजशी वितळण्याच्या बिंदूजवळ, १,२०० अंशांच्याही वर नेली तसतशी ती पूर्वीच्या कोणत्याही हत्याराहून सरस होत गेली. शतकानुशतके ज्या उष्णतेला पोलाद जळाले म्हणून टाकून देत, तिच्याच पलीकडे हा गुण दडला होता. अशा हत्याराला नंतर सुमारे ६२० अंशांवर दुसऱ्यांदा हलका ताव दिला की गुण अधिक पक्का होतो, हेही आढळले. टंगस्टन व क्रोमियमची कार्बाइडे त्या प्रखर उष्णतेत पोलादात विरघळतात आणि दुसऱ्या तावात अतिसूक्ष्म कणांनी बाहेर पडून पोलादाला आधार देतात, ही त्यामागची कारणमीमांसा पुढच्या धातुशास्त्रज्ञांनी केली. टेलर व व्हाइट यांच्याजवळ होता तो केवळ क्रमाने, न कंटाळता, मोजीत जाण्याचा स्वभाव.

या हत्याराचे वैशिष्ट्य असे की त्याचे नाक मंद लाल होईतो तापले तरी ते कापीतच राहते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात बेथलेहेम कंपनीने आपला लेथ मांडला. लालसर नाकाचे हत्यार पोलाद कापते आहे आणि त्यातून निळी झालेली वेटोळी सुटत आहेत, हे पाहून युरोपचे अभियंते स्तिमित झाले. बेथलेहेमच्या स्वतःच्या यंत्रशाळेत कापण्याचा सरासरी वेग दुपटीहून अधिक झाला आणि तासाला निघणारी धातू चौपटीच्या घरात गेली. जुने लेथ हा वेग सोसण्यास असमर्थ ठरले. पट्टे निसटू लागले, दाते तुटू लागले. पुढच्या काही वर्षांत साऱ्या जगातील यंत्रकारांना आपले लेथ नव्याने, अधिक वजनदार व अधिक शक्तीचे करावे लागले. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करने १९४१ पासून जे लेथ घडविले आणि जे आपल्या भागातील अनेक यंत्रशाळांनी वापरले, त्यांची घडणही या नव्या पोलादाने घालून दिलेल्या मापातलीच. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने १९०२ मध्ये टेलर व व्हाइट यांना एलियट क्रेसन पदक दिले.

यशाच्या ऐन भरात, १९०१ मध्ये, बेथलेहेमने टेलरला काढून टाकले. त्याच्या पद्धतीने व्यवस्थापनातील वरची माणसेही दुखावली होती. पेटंटे त्याच वर्षी मंजूर झाली, परंतु १९०९ मध्ये बेथलेहेम कंपनीने गुदरलेल्या दाव्यात न्यायालयाने ती रद्द ठरविली. पैशाच्या दृष्टीने तोवर टेलरला काही कमी नव्हते. मूलबाळ नसलेल्या या दांपत्याने १९०१ मध्ये तीन पोरक्या मुलांना दत्तक घेतले आणि फिलाडेल्फियाच्या चेस्टनट हिल भागात घर केले. यापुढे टेलर कोणाकडूनही मोबदला न घेता आपल्या पद्धतीचा प्रसार करू लागला.

डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष या नात्याने त्याने न्यूयॉर्कला धातू कापण्याच्या कलेवरचा आपला प्रबंध सादर केला. सव्वीस वर्षे झाकून ठेवलेली तिजोरीच त्याने त्या दिवशी उघडी केली. तोवर हत्याराच्या पोलादातही सुधारणा झाली होती : टंगस्टन सुमारे एकोणीस टक्के, क्रोमियम साडेपाच टक्के आणि अल्पसे व्हॅनेडियम. हायस्पीड स्टीलचे अठरा टक्के टंगस्टनचे जे प्रमाण पुढे रूढ झाले ते याच्याशी जुळते. बारा घटकांची गुंतागुंतीची समीकरणे त्याचा सहकारी कार्ल बार्थ याने सरकपट्टीवर उतरविली, आणि ज्या उत्तरासाठी गणितज्ञालाही तास लागले असते ते साध्या माणसाला अर्ध्या मिनिटात मिळू लागले. हत्याराचा वेग आणि त्याचे आयुष्य यांचे टेलरने मांडलेले समीकरण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही शिकतात. धार मरेपर्यंत थांबणे हा तोटा आहे, आणि ती फार जपण्यासाठी वेग कमी ठेवणे हाही तोटाच, हे त्याने आकड्यांनी दाखविले. खरबरीत कापाच्या हत्याराने दीड तासापेक्षा अधिक टिकावे इतका वेग कमी ठेवू नये, हा त्याचा हिशेब ऐकून काटकसरी माणसाला आश्चर्य वाटते. पण पुन्हा धार लावण्याचा खर्च थोडा असेल तर तो अचूक आहे.

पण सरकपट्टी आली, कोठी आली, लेखी सूचनापत्रक आले, आणि लेथवरच्या माणसाच्या हाती काय उरले? धार लावणे हा त्याच्या कसबाचा मानबिंदू होता. आपली हत्यारे तो आपल्या पेटीत कुलपात ठेवी, विश्वासातल्या उमेदवारालाच आपला कोन दाखवी. ते ज्ञान त्याच्या बोटांतून काढून कागदावर आणले गेले आणि कागद कचेरीत राहिला. टेलरची प्रामाणिक समजूत होती की काम वाढेल तशी मजुरी वाढेल, आणि मालक-कामगारांचा वाद उरणारच नाही. मालकांनी मात्र घड्याळ तेवढे उचलले. वाढीव मजुरीच्या वेळी त्यांचा हात आखडला. हा दोष सर्वस्वी टेलरचा नव्हे. तथापि ज्या माणसाने तीन वर्षे सोबत्यांच्या डोळ्यांतील वैर पाहिले होते, त्याला त्यांच्या कसबाच्या अभिमानाची किंमत कळली नाही, किंवा कळूनही ती कोष्टकात कोठे मांडावी हे सुचले नाही, एवढे म्हणावे लागते.

ऑगस्ट १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी घड्याळाने वेळ मोजण्याच्या विरोधात काम थांबविले. अमेरिकन काँग्रेसने चौकशी समिती नेमली. जानेवारी १९१२ मध्ये टेलर तिच्यापुढे अनेक दिवस साक्ष देत होता. प्रश्न तिखट होते आणि टेलरचा पारा चढण्यास वेळ लागत नसे. आपली पद्धत म्हणजे घड्याळ नव्हे, तर दोन्ही पक्षांच्या मनोवृत्तीतील पालट आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. तो फारसा कोणाला पटला नाही. १९१५ मध्ये लष्करी कारखान्यांत घड्याळाने कामाचे मापन करण्यासाठी सरकारी पैसा वापरण्यास काँग्रेसने मनाई केली. नियतीचा खेळ असा की त्यानंतर तीनच वर्षांनी रशियात कामगारांच्या नावाने सत्तेवर आलेल्या लेनिनने टेलरच्या पद्धतीचा अभ्यास करण्याची शिफारस केली.

अखेरच्या वर्षांत पत्नीचे आजारपण आणि स्वतःची निद्रानाशाची जुनी व्याधी यांनी तो खचला. उशांच्या राशीला टेकून तो बसल्या बसल्या झोपे. विरंगुळा म्हणून गोल्फचे मैदान आणि त्यावरचे गवत. पण येथेही स्वभाव सुटला नाही : गवताची वाढ कोणत्या मातीत, किती पाण्यावर, कशी होते याचे त्याने शेकडो प्रयोग केले, आणि चेंडू ढकलण्यासाठी दोन मुठींची विचित्र काठी घडवून सोबत्यांच्या चेष्टेला तोंड दिले.

१९१५ च्या मार्चमध्ये व्याख्यानाच्या प्रवासाहून परतताना त्याला थंडी बाधली आणि तिचे फुफ्फुसदाहात पर्यवसान झाले. फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात त्याचा एकोणसाठावा वाढदिवस गेला. दुसऱ्या दिवशी, २१ मार्चच्या पहाटे साडेचारच्या सुमारास, त्याच्या खोलीतून घड्याळाला किल्ली दिल्याचा आवाज ऐकू आला. अर्ध्या तासाने परिचारिका आत गेली तेव्हा त्याचा प्राण गेलेला होता. शहराबाहेरच्या वेस्ट लॉरेल हिल येथील दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.